पहिला तोडा

आचलचा मला वैताग यायचा, हे आधीच कबूल करतो. वर्गातल्या बाकीच्यांनी राजापेठेतल्या दुकानातून तयार प्रकल्प आणले, नावं बदलली आणि माझ्या टेबलावर आदळले. ही मात्र वलगावहून रोज नवी शंका घेऊन यायची. घरी भाजीपाल्याची शेती. तिला भेंडीचे चार वाफे करायचे होते. एकाला शेणखत, एकाला गांडूळखत, एकाला युरिया आणि एकाला काहीच नाही. कोणत्या वाफ्याचा पहिला तोडा, म्हणजे पहिल्यांदा तोडलेली भेंडी, वजनाला जास्त भरतो, एवढंच पाहायचं होतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला स्वतःचा प्रयोग करणारी ती एकटीच.

मी तिचा आराखडा पाच वेळा परत केला. कधी समास सोडला नाही म्हणून, कधी तक्त्याला क्रमांक नाही म्हणून. सहाव्यांदा ती बारा पानं टाइप करून घेऊन आली. बी कधी टोबायचं, पाणी किती, तोडा किती वाजता, अवकाळी आला तर काय. खोट काढायला जागाच ठेवली नव्हती. मुकाट्याने सही केली.

तोड्याच्या दिवशी ती कॉलेजचा इलेक्ट्रॉनिक काटा न्यायला सकाळीच अमरावतीला आली. काटा घेऊन घरी पोचली आणि लगेच मला फोन केला. रडत होती. तिच्या आईने, जमुनाबाईंनी, चारही वाफ्यांची भेंडी तेवढ्या वेळात तोडून वाटून टाकली होती.

माझं डोकंच फिरलं. गाडी काढली आणि तडक वलगाव गाठलं. जमुनाबाई ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या.

"बाई, काय केलं हे? पोरीच्या मेहनतीवर पाणी फिरवलं तुम्ही!"

"म्या काय केलं, सर? पयला तोडा होता तो. मारोतीले देल्ला, पाच घरी देल्ला. पयला तोडा कोनी काट्यावर चढवते काय? बरकत जाते."

"अवं माय, मोजासाठीच होता तो!" आचल ओरडली. "चार पिशव्या ठेवल्या होत्या ना म्या?"

"त्या दिसल्या न. मले वाटलं, वाटासाठीच ठेवल्या."

आता नवे वाफे टाकले तरी भेंडी लागायला दीड महिना, आणि प्रकल्प द्यायचा पंधरा दिवसांत. दुसरा तोडा मोजून उपयोग नव्हता; प्रश्नच पहिल्याचा होता. हे सगळं मी जमुनाबाईंना चढ्या आवाजात ऐकवलं. शिकणाऱ्या पोरीच्या घरात असलं अडाणीपण, असंही बोलून गेलो. त्या मान खाली घालून जुड्या बांधत राहिल्या.

आचलने डोळे पुसले.

"सर, तुमचं गाव हिवरखेड ना? घरी शेती हाये ना?"

"आहे."

"तुमच्या घरी पयला तोडा मोजतेत?"

"नाही. वाटतात."

"मी येडी, माह्या ध्यानात नाही आलं. पण तिले काहून बोलता? तिले वाचताबी येत नाही. तुमी तर सहा वेळा वाचला तो कागद. तुमच्या काहून नाही आलं ध्यानात?"

जमुनाबाई हातातली जुडी ठेवून उठल्या. "सरले असं बोलते काय, पोरी?" तिला दटावून त्यांनी मला विचारलं, "सर, चहा मांडू काय?" आणि मला त्यांच्याकडे बघवेना.