जाऊबाईंच्या फुफ्फुसाचा तुकडा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना टीबी झालाय, असं आम्ही सगळे जवळजवळ दोन वर्षं धरून चाललो होतो. बावडा गावाजवळच्या आमच्या मळ्यात तेव्हा टोमॅटो आणि वांगी असायची. तोडणीला जाऊबाईंचा हात कुणी धरू शकत नसे. त्याच जाऊबाई भरलेला क्रेट उचलला की बांधावर बसायला लागल्या. पुढं पुढं क्रेट न उचलताही बसायच्या. खोकला कोरडा, ताप नाही, पण चार पावलं चालल्या की ओठ निळे पडायचे.

इंदापूरच्या डॉक्टरांनी बारामतीहून छातीचा फोटो काढून आणायला सांगितला. दोन्ही फुफ्फुसांवर पांढरट धुकं दिसत होतं. थुंकी तीनदा तपासली, तिन्ही वेळा त्यात काही निघालं नाही. तरीही गोळ्या सुरू झाल्या, महिने गेले आणि दम वाढतच राहिला. जाऊबाईंनी आपणहून आपलं ताट आणि तांब्या वेगळा केला. माझी मुलगी त्यांच्याच मांडीवर वाढलेली. ती जवळ गेली की त्या म्हणायच्या, "तितंच थांब गं बाय." मी मधे काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटायचं, आणि ते अजून मनाला लागतं.

गोळ्यांचा कोर्स संपला तरी काही फरक पडेना, तेव्हा थोरल्या दिरांनी त्यांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. बारावी शिकलेली म्हणून कागद वाचायला मी बरोबर गेले. सासरेही हट्टानं आले. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांची उभी हयात मेंढरांमागं गेली होती, शेती घरात आली ती त्यांच्या उतारवयात.

तिथल्या डॉक्टरबाईंनी छातीच्या बाजूला छेद घेऊन फुफ्फुसाचा छोटासा तुकडा काढायला लावला. आठवड्यानं त्या खाटेजवळ येऊन बसल्या.

"हा टीबी नाही," त्या म्हणाल्या. "फुफ्फुसात बारीक फुगे असतात, त्यांत दुधासारखं दाट काहीतरी साचतंय. हवेला जागाच उरत नाही. हा आजार मी पुस्तकात वाचलाय, पेशंट पहिल्यांदाच बघतेय."

जाऊबाईंनी एकच विचारलं, "दुसऱ्याला लागतो का?"

"नाही. कुणालाच नाही."

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडल्या. बरं होणार की नाही हे त्यांनी अजून विचारलंही नव्हतं.

ते डॉक्टरबाईंनीच सांगितलं. फुफ्फुस मिठाच्या पाण्यानं आतून धुता येतं, आणि ते करणारे एक डॉक्टर मुंबईला होते. असले दुर्मीळ आजार असलेल्यांची माहिती, फोटो आणि तपासणीचे तुकडे ते निरनिराळ्या दवाखान्यांतून गोळा करत होते. "एका डॉक्टरला उभ्या जन्मात असा एखादाच पेशंट भेटतो," बाई म्हणाल्या. "प्रत्येकानं आपल्यापुरतंच ठेवलं तर कुणालाच काही कळायचं नाही. तुमचा तुकडा त्यांनी अभ्यासाला ठेवून घेतला तर चालेल का? त्यावर नाव नसेल. नाही म्हणालात तरी उपचार होतीलच."

दीर म्हणाले, "अंगाचा तुकडा परक्याच्या हवाली करायचा? त्याचं काय करतील ते?"

तेव्हा भिंतीला टेकून बसलेले आबा बोलले. "आरं, कळपात एक मेंढरू दमून मेलं की आमी काय करायचो? फाडून त्याचं फुफ्फुस बघायचो. आन् बघितलेलं मागनं येणाऱ्या मेंढक्यांच्या वाड्याला सांगून पुढं जायचो. त्यानं त्यांची मेंढरं वाचायची. न्हाय सांगितलं तर पाप."

दीर सही करायला पुढं झाले. जाऊबाईंनी हात आडवा केला. "माझ्या अंगातला हाय न्हवं? मग मला इचारा की." डॉक्टरबाई हसल्या आणि कागद त्यांच्यापुढं धरला. मी मजकूर वाचून दाखवला. त्यांनी दोनदा ऐकला आणि सावकाश, अक्षर अक्षर जोडत सही केली.

मुंबईची तारीख मिळेपर्यंत आम्ही घरी आलो. तुकडा पुण्याच्या दवाखान्यानं मेणाच्या छोट्या वडीत बसवून मुंबईला न्यायला आमच्याकडंच दिला होता. भर उन्हाळा, मेण वितळेल म्हणून माझा जीव खालीवर. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून वरून ओलं फडकं गुंडाळलं आणि डबा माठाशेजारी ठेवला. मुंबईला पोचेपर्यंत गाडीत तो मी मांडीवरून खाली ठेवला नाही. डॉक्टरांनी वडी उजेडात धरून बघितली आणि "छान सांभाळलीत" म्हणाले, तेव्हा कुठं मी खांदे सैल सोडले.

फुफ्फुसं एकेक करून धुतली, मधे काही दिवस जाऊ दिले. पहिल्या दिवशी नर्सनं आम्हाला बाहेर आलेल्या पाण्याच्या बाटल्या दाखवल्या. पहिली बाटली खरवसाच्या चिकासारखी दाट होती. पुढच्या पातळ होत गेल्या आणि शेवटची तांदळाच्या धुवणासारखी होती. जाऊबाईंना शुद्धीवर आल्यावर दाखवलं तर म्हणाल्या, "येवढं व्हतं व्हय माझ्यात? ठिवा, हे बी अभ्यासाला ठिवा."

दुसरं फुफ्फुस धुतल्यावर दोन दिवसांनी त्या वॉर्डाच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि वळून आमच्याकडं बघितलं. ओठ गुलाबी होते. दीर खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

घरी आल्यावर मी त्यांचं ताट आमच्या पंगतीत मांडलं. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. मी माफी मागणार होते, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "मी बी तेच केलं असतं," म्हणाल्या.

पुढच्या वर्षी मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र आलं. सोलापूरकडच्या एका माणसाला हाच आजार होता, पण फुफ्फुसात पाणी भरतात ऐकून तो घाबरला होता. तुमच्या जाऊबाई त्याच्याशी बोलतील का, असं त्यांनी विचारलं होतं. जाऊबाईंनी लगेच होकार लिहायला लावला.

तो बायकोला घेऊन आला. फाट्यापासून घरापर्यंत तीनदा थांबला असेल. जाऊबाईंनी त्याला धाप ओसरेपर्यंत बसू दिलं, मग म्हणाल्या, "दादा, मी झोपल्याली व्हते. पाणी कवा भरलं न् कवा काढलं, मला ठावंच न्हाय."

"परत साचलं तर?" त्यानं विचारलं.

"साचलं तर परत धुत्यात म्हणं. माझं आजून साचलं न्हाय. उद्याचं मला ठावं न्हाय, खोटं कशाला सांगू?"

त्या उत्तरानंच त्याला धीर आला असावा. जाताना तो म्हणाला, "आक्का, हा रोग झालेलं दुसरं माणूस असंल असं वाटलंच नव्हतं मला."

महिन्याभरानं त्याच्या बायकोचं कार्ड आलं. दोन्ही फुफ्फुसं धुऊन झाली होती आणि तो सायकलवरून गावात जाऊ लागला होता. जाऊबाईंनी मला शेजारी बसवून मुंबईच्या डॉक्टरांना पत्र लिहायला लावलं. "लिव्ह, आनखी कुणी घाबरल्यालं आसंल तर खुशाल धाडून द्या. फकस्त बाजारच्या दिवशी नको. त्या दिवशी मी माल घिऊन जाते, घरी नसते."