मीच तो संज्या

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी बहुतेक सगळं सांगतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही त्याला ओळखत नाही.

परवा मी एक जुनी गिटार विकली. स्टीलच्या तारांची, माझ्याहून वयाने मोठी. मोबाइलवर जाहिरात टाकली. विकण्याचं कारण विचारलं होतं, तिथे लिहिलं — वापर नाही. खाली अस्सल पुणेरी सूचनाही जोडली, की नुसतं बघायला येणाऱ्यांनी येऊ नये.

वापर नव्हता, हे खरंच. पण कारण तेच होतं का?

गिटार आमच्या काळे सरांची. खडकीत त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं शिकायला जायचो, आणि दोघांचंही नाव संजय. गोंधळ नको म्हणून सरांनी पहिल्याच आठवड्यात वाटणी करून टाकली. तो संज्या, मी संजयराव. मी वही न्यायचो, शर्ट खोचायचो, वेळेवर पोचायचो. "या, संजयराव," असं सर म्हणाले की मी फुगायचो. वर्षभराने कळलं — ज्याच्याकडून काही अपेक्षा नसते, त्याला आपल्याकडे राव लावतात. संज्यावर ते ओरडायचे. उशिरा आलास, चहा मिळणार नाही म्हणायचे, आणि अर्धा कप झाकून ठेवलेला असायचा. माझ्यावर ते कधी रागावले नाहीत. सतराव्या वर्षी अहोजाहो — काय करायचं होतं मला ते घेऊन?

एफ कॉर्डला पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं. मला चार महिने लागले. त्याला एक संध्याकाळ. मी जळायचो. असूया वगैरे नाही हो, साधं जळणं. तारेने त्याचं बोट कापलं की मला बरं वाटायचं.

सर गेले, त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांची मुलगी नागपूरहून आवराआवर करायला आली होती. आम्हा दोघांपैकी कुणालाच तिने पाहिलेलं नव्हतं. तिचा मला फोन आला. म्हणाली, "बाबा शेवटी सारखं म्हणत होते, गिटार संज्याला द्या. डायरीत संजय दोन आहेत. संज्या तुम्हीच का?"

त्या वेळी गिटार माझ्या मनातही नव्हती. मला ते नाव हवं होतं.

"हो," मी म्हणालो, "मीच संज्या."

गिटार वाघोलीच्या फ्लॅटवर आली. सरांच्या हाताने भोकाजवळचं पॉलिश झिजून लाकूड उघडं पडलं होतं. मी वाजवायला बसायचो, आणि पाच मिनिटांत ठेवून द्यायचो. मग ती कपाटावर गेली. त्याला नेऊन द्यावी असं सहा वर्षांत वाटलं नाही का? वाटलं. पण दर वेळी त्याचं वाजवणं आठवलं, आणि राहू दिलं. शेवटी विकायला काढली — कुणीही घ्यावी, फक्त त्याच्याकडे जाऊ नये.

तो हल्ली मुलांना शिकवतो. त्याच्याच एका विद्यार्थ्याने त्याला जाहिरात दाखवली, आणि फोटोतलं ते झिजलेलं लाकूड त्याने ओळखलं. रविवारी सकाळी दारात उभा. मला वाटलं, आता जाब विचारणार. तर म्हणाला, सरांनी तुला दिली हे योग्यच झालं, तू नेमाने यायचास. मग तारा जुळवल्या आणि वाजवलं. केस पांढरे झाले त्याचे, पण हात — मी आत जाऊन उगाचच पाणी प्यायलो.

किमतीत त्याने घासाघीस केली नाही. जे त्याचंच होतं ते मी त्याला विकलं. गिटार खोळीत घालताना, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "शेवटी सरांनी माझं नाव काढलं होतं का रे?"

मुलीचं ते वाक्य मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. अजूनही सांगता आलं असतं. गिटार तर त्याच्या हातात गेलेलीच होती, माझं आता काय जाणार होतं?

"नाही," मी म्हणालो.

तो "बरं" म्हणाला आणि त्याने खोळीची चेन लावली. मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेलो.