समुद्राचं तीर्थ

ताडकळसहून आम्हा शिक्षकांना दरवर्षी हरिहरेश्वरला नेणाऱ्या ड्रायव्हरनं समुद्रच काय, तिथलं पुरातन देऊळही आतून पाहिलेलं नाही. सामान सांभाळायला आम्हीच त्याला गाडीत बसवून जातो. जेवलास का, दमलास का, काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "आपलं काय न्हाई, सर."

यंदा मात्र त्यानं माझ्या हातात रिकामी बाटली दिली. "माय लय मागं लागलीय. समुद्राचं पाणी आणा, तीर्थ म्हणून."

मी लाटांत उड्या मारल्या, फोटो काढले. परतताना धाब्यावर बॅग उघडली, तर बाटली कोरडी.

त्यानं ती घेतली, नळावर भरली आणि आमच्या टेबलापाशी आला.

"आपलं काय न्हाई, सर. तेवढं मीठ द्या इकडं."

मी दिलं.