तळ्याला जायचं ठरलं

गाड्यांच्या सीटा शिवायच्या कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत. मशीनवर बसली की तिच्या ओठांत टाचण्या, त्यामुळे दिवसभराचं बोलणं ‘हं’ आणि ‘अंहं’वरच भागायचं. टाचण्या डबीत गेल्या की मात्र ते सगळं तुंबलेलं बोलणं ती घरी नेऊन नवऱ्यापुढे रिकामं करी. तोही काही कमी बोलका नव्हता. लांब पल्ल्याची बस चालवायचा. घरी आला की दोघांपैकी कोण ऐकतंय आणि कोण सांगतंय ते शेजाऱ्यांना कळत नसे.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि घरातलं बोलणं एकतर्फी झालं. उजवा हात लुळा पडला, तो पाय ओढत चालू लागला, शब्द जिभेपर्यंत येऊन अडू लागले. चाला, बोला, लोकांत मिसळा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ज्याच्या एका हाकेने अख्खा बसस्टँड मान वळवायचा, त्याला आता कोपऱ्यावरच्या दुकानात साबण मागायची लाज वाटे. तो खिडकीशी खुर्ची टाकून बसे, आणि खाली ओळखीचं कोणी दिसलं की पडदा ओढून घेई.

तळ्याचा विषय निघाला तो एका व्हॅनमुळे. प्रवाशांना वाळवंटातलं निळं तळं दाखवायला नेणारी ती गाडी सीटा बदलायला आली होती. जुनी सीट उचलली तशी फटीतून बारीक पांढरी वाळू सांडली. टाचणी ती तळहातावर घेऊन बघत राहिली. त्या तळ्याच्या फाट्यावरून तिच्या नवऱ्याने वर्षानुवर्षं बस नेली होती. लोक तिथे उतरून हसत-खिदळत वाळूतून निघायचे, आणि हा घड्याळाकडे बघून गिअर टाकायचा. रिटायर झालो की आपण दोघं जाऊ, असं तो नेहमी म्हणायचा. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि व्हॅनवाल्याला नवऱ्याची अवस्था सांगून सरळच विचारलं, असा माणूस नेता येईल का? तो म्हणाला, पुढची सीट दाराकडे वळणारी करून दे, बाकीचं मी बघतो.

घरी सांगितल्यावर नवऱ्याने मान हलवली. “लोक... बघतील.”

“तळ्यावर आलेले लोक तळं बघतात हो,” ती म्हणाली. “तुम्हाला कोण बघतंय?”

पण ते पालथ्या घड्यावर पाणी. तरी तिने हळूहळू सीट शिवायला घेतली. उजव्या बाजूला फोम जाड भरला, म्हणजे वळणावर त्याचा तोल जायला नको.

सुट्टीच्या दिवशी लेक आणि जावई आले. लेकीने ऐकल्या ऐकल्या डोक्याला हात लावला. ऊन, खडबडीत रस्ता, दवाखाना कुठल्या कुठे. हात दाखवून अवलक्षण कशाला करायचं? तिचंही चुकत नव्हतं. हॉस्पिटलच्या बाकावर आईसोबत तीच बसली होती. जावई मध्यस्थीचा माणूस. त्याने टेबलावर नकाशा पसरला आणि नव्या हायवेवरून बोट फिरवत म्हणाला, निवांत निघालं तरी दुपारपर्यंत पोहोचू.

“दु... दुपारी नको.”

सगळे वळले. नवरा खुर्चीतून उठला होता. पाय ओढत तो टेबलापाशी आला आणि डाव्या हाताचं बोट त्याने जुन्या रस्त्यावर ठेवलं. शब्द अडला की बोट पुढे सरके, बोट थांबलं की शब्द येई. नव्या रस्त्याला सावलीचं झाड नाही. जुना लांबचा, पण वाटेत पंप आहे, गाव आहे, गावात डॉक्टर आहे. “जेवण... इथं.” लेक एकदा शब्द पुरवायला गेली, तर टाचणीने तिचा हात दाबला. चहा गार झाला तरी कोणी उठलं नाही.

“आले, उंटावरून शेळ्या हाकायला आले,” लेक डोळे पुसत म्हणाली.

“वाळवंटातच जायचंय,” जावई म्हणाला. “उंट लागणारच.”

त्या दिवसापासून टाचणीचा नवरा जिन्यावरून चढउतार करू लागला. आणि एके सकाळी पायरी चुकून पडला. हाड वाचलं, पण गुडघा काळानिळा झाला. लेकीला बोलायची गरजच पडली नाही. टाचणीचंच अवसान गळालं. तिने व्हॅनवाल्याला नको म्हणून कळवलं आणि नवऱ्यालाही सांगितलं. त्या रात्री तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, तर खुर्ची रिकामी. ती तशीच अनवाणी खाली धावली. तो कोपऱ्यावरच्या दुकानात काउंटर धरून उभा होता, घामाघूम, आणि डाव्या हातात साबणाची वडी.

“मागितला,” तो म्हणाला. “मीच.”

तिने तिथूनच व्हॅनवाल्याला फोन लावला.

थंडी पडल्यावर ते जावयाला घेऊन निघाले, जुन्या रस्त्याने. मी फक्त औषधांवर लक्ष ठेवायला येतेय, असं बजावत लेकही आली आणि खिडकीजवळची जागा तिने पटकावली. वाळूच्या टेकड्यांमागून तळं एकदम समोर आलं. इतकं निळं, जणू कोणी रंगाचा डबा लवंडला असावा, आणि काठाने मिठाची पांढरी रेघ. पण व्हॅनपासून पाण्यापर्यंत वाळू भुसभुशीत होती. नवऱ्याचा पाय रुतू लागला. जावई आणि व्हॅनवाल्याने हातांची बैठक केली. त्याने एकदा आजूबाजूच्या गर्दीकडे पाहिलं आणि दोघांच्या खांद्यांवर भार टाकला.

काठावर पाण्यात पाय सोडून तो बसला. शेजारून एक अनोळखी बाई चप्पल हातात घेऊन चालली होती. पाणी फार गार आहे का, असं तिने त्यालाच विचारलं. टाचणीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं.

“गा... गार आहे,” तो म्हणाला. थोडा थांबला. ती बाईही थांबली. “पण... या. बरं वाटतं.”