ग्राइंडरवाल्याची कपबशी

कुरकुंभच्या एका शेडमध्ये वेल्डिंगचे सांधे ग्राइंडरनं घासण्यात माझी उमेदीची सारी वर्षं गेली. मशीन बंद केलं तरी हाताला ते बराच वेळ कळत नाही. घरी आल्यावरही मनगट थरथरतं, बोटांना मुंग्या येतात आणि थंडीत बोटांची टोकं चुना लावल्यासारखी पांढरी पडतात. यावर उपाय म्हणून कंपनीनं जाड, मऊ हातमोजे आणलेत. ते कपाटात असतात. तपासणीला साहेब आले की आम्ही ते घालून फोटो काढतो आणि परत जमा करतो. कंपनीच्या डॉक्टरांना हात दाखवला, तर त्यांनी आधी तोंडाचा वास घेतला.

मी दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही. केडगावात आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या चर्चला जाणारं. प्रभुभोजनाला मिळतो तो द्राक्षरस, तोही न आंबवलेला.

थोरल्या मुलीला बघायला दौंडचे पाहुणे आले. चहा मुलगीच आणते, पण आमच्या घरात मुलाच्या वडिलांना पहिला कप मुलीच्या बापानं द्यायचा असतो. मी दिला. कपबशी खडखडली, निम्मा चहा बशीत. संध्याकाळी मेव्हण्याच्या फोनवर निरोप आला: पोरगी पसंत हाय, पण बाप पितो.

रागानं मला जेवण गेलं नाही. माझ्या हातांमुळे पोरीचं ठरता ठरता मोडलं होतं. मेव्हणा मात्र व्यवहारी माणूस.

"दाजी, पुढच्या टायमाला पाव्हणं यायच्या आधी थोडी घ्या. आमच्या गल्लीतले रोज घेत्यात, घेतल्यावर हात कसा गपगार ऱ्हातो बघा."

म्हणजे मी पीत नाही हे पटवण्यासाठी मी प्यायचं.

शिरूरचे पाहुणे आले ते ऐन थंडीत, सकाळी. मी मुलीला आतच म्हणालो, आज कप तू दे.

"न्हाई पप्पा, तुम्हीच द्या," ती म्हणाली. "सांडला तर सांडला."

मी कप पुढे केला. तो खडखडला. मुलाच्या वडिलांनी धरला, तर खडखडाट आणखी वाढला. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. टोकं पांढरीफटक.

"ग्राइंडर?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय. तुमचं?"

"ब्रेकर. रस्ते फोडायचं मशीन, जलमभर."

आम्ही दोघांनी मिळून तो कप टेबलावर ठेवला. लग्न तिथंच ठरलं.

दौंडात आता म्हणतात, बेवड्याला व्याहीबी बेवडाच मिळाला.