तिसऱ्या दिवशीचा हात

आमच्या लहान मुलांच्या टीबी ओपीडीत किस्से जमवावे लागत नाहीत, केसपेपरच्या मागंमागं चालत येतात. मी इथं नांदेडला सिस्टर. पोराच्या हातावर कातडीखाली बारीक सुई द्यायची, पेनानं भोवती गोल काढायचा, तिसऱ्या दिवशी बोलवायचं. अंगातल्या पेशींनी टीबीचा जंतू ओळखला तर तिथं फुगतं. ते पट्टीनं मोजायचं. एवढं साधं काम, पण माणसं आपली!

कंधारच्या एका आजोबांनी नातवाला आंघोळ घातली अन् गोल पुसला. आजोबांनी घरीच नवा काढला, वर दुसऱ्या हातावरबी एक. मी चिडले, तर म्हणले, "बाई, एक बिघडला तर एक असावा की."

एक बाप पोराला घरीच ठेवून आला, हाताचा फोटो मोबाइलवर घेऊन. मी पट्टी धरून बघतच राहिले. त्यानं दोन बोटांनी फोटो ताणला अन् विचारलं, "मॅडम, गाठ अजून मोठी करू का?"

मग हदगावकडची सोनू आली. सहा वर्षांची, नुसती हाडं. घरात काकाला टीबी, हिला महिनाभर खोकला, अन् हात मात्र सपाट. आजी खूश, निघालीच होती. नवे डॉक्टर निगेटिव्ह लिहून राहिले होते. माझं डोकं सटकलं. म्हणलं, "सर, लेकराच्या अंगात रक्त न्हाई. पेशींना हात फुगवायची ताकद तर पाहिजे!" एक्स-रे काढला, पुढच्या तपासण्या केल्या. टीबीच निघाला. तवापासून डॉक्टर मला विचारून सही करतात, असं मी सांगते. ते नाही म्हणतात.

गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत सोनूचं वजन वाढलं. पण शाळेत गुरुजींनी तिला एकटीला ओसरीवर बसवलं. तिच्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. गुरुजींनी चिठ्ठीची घडी करून खिशात घातली. मला लई राग आला. तिची आई रेखा मात्र शांत होती.

"सिस्टर, गोळ्यांचं तुम्ही बघा. शाळेचं मी बघते."

दुसऱ्या दिवसापासून ती लेकीजवळ ओसरीवर बसायला लागली. तिच्याच डब्यातलं खायची, तिला गोष्टी सांगायची. गोष्टी सांगण्यात रेखाचा हात कुणी धरणार न्हाई. दाराजवळची पोरं कान देऊ लागली.

पंधरा दिवसांनी गोळ्या घेऊन मी गावात गेले, तशीच शाळेत शिरले. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी पोरं दाटीवाटीनं बसलेली, मधोमध सोनू. आत वर्गात गुरुजी एकटेच.