पाचवी ओळ

काकांचं वर्ष कॅलेंडरप्रमाणे कधीच चाललं नाही. ते वाढदिवसाला सुरू व्हायचं आणि वाढदिवसालाच संपायचं. त्या दिवशी कपाटाच्या दाराला आतून, जिथे बाकीचे लोक आरसा लावतात, तिथे काका खडूने पाच संकल्प लिहायचे, आणि काकू वर्षभर तपासनिसाच्या चेहऱ्याने त्यांच्यापुढे खुणा करत राहायच्या. यंदाचं वर्ष संपायला नऊ दिवस उरले होते आणि काका भलतेच रंगात होते. चहातली साखर अर्ध्यावर आली होती. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत एका दमात चढून झालं होतं. स्वयंपाकघराचं कुरकुरणारं दार गप्प झालं होतं. आणि मोबाइलवर नातीशी बोलताना नुसतं कपाळ न दाखवता अख्खा चेहरा दाखवायचं तंत्रही जमलं होतं. चार खुणा! आजवरचा उच्चांक दोनाचा होता.

पाचवी ओळ मात्र कोरीच होती: ‘दादाला पत्र पाठवणे.’

दादा म्हणजे काकांचा थोरला भाऊ. राहायला बसने तीन तासांवर. सात वर्षांपूर्वी याच घरात कॅरम खेळताना राणी कव्हर झाली की नाही, यावरून दोघांचं वाजलं. काका म्हणत होते झाली. दादाचं म्हणणं, सोंगटी भोकाच्या काठावर अडली होती, तू फुंकर मारलीस. पन्नास वर्षांच्या सरकारी माणसावर फुंकरीचा आरोप! आवाज चढले, लहानपणापासूनची उणीदुणी निघाली, आणि दादा स्ट्रायकर खिशात घालून तरातरा निघून गेला. स्ट्रायकर त्याचाच होता, हे काकांनाही मान्य होतं. तेव्हापासून बोर्ड कपाटामागे गेला आणि बोलणं बंद झालं. फोन एकदा केला होता. ‘हॅलो’ झाल्यावर समोरचा माफी मागेल म्हणून दोघेही थांबले, आणि थांबता थांबता फोन ठेवला गेला.

बरं, काकांनी पत्र लिहिलंच नाही म्हणावं, तर तसंही नाही. वर्षभरात चार वेळा लिहिलं, तिकीट लावलं, कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं. पण काका पडले पोस्टमन, आणि त्या पेटीची किल्ली त्यांच्याच कमरेला! दुपारी तीनला पेटी उघडली की आपलंच पाकीट दिसायचं, आणि काही कळायच्या आत ते शर्टाच्या खिशात गेलेलं असायचं. पत्र टाकून पस्तावणारे खूप असतात. काकांची तेवढी परत काढून घ्यायची सोय होती. आणि याच काकांनी, रागाच्या भरात टाकलेला राजीनामा परत मागायला आलेल्या एका मास्तरीणबाईंना त्याच पेटीपाशी सुनावलं होतं, “बाई, पत्र आत पडलं की ते तुमचं राहत नाही. ज्याचं नाव वर आहे, त्याचं झालं.” बिचारी रडत घरी गेली होती. ते आठवलं की काकांना स्वतःची लाज वाटायची.

चौथं पाकीट काकूंना धुवायच्या शर्टात सापडलं.

“अहो, भाऊजींचं पत्र तुमच्या खिशात काय करतंय? मला तर सांगितलंत, टाकलं म्हणून!”

“टाकलं होतं गं. दोन शब्द बदलायचे होते.”

“सात वर्षांत दोन शब्द सापडेनात? उद्याच्या उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या ते. तुमच्या हाताचा काही भरवसा नाही.”

दुसऱ्या दिवशी काका टोपी काढून, स्वतःच्याच ऑफिसात, गिऱ्हाइकासारखे रांगेत उभे राहिले. खिडकीपलीकडे चष्मेवाली होती, म्हणजे त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान आणि तीस पटींनी खमकी कारकून. तिने काही न विचारता पाकिटाचं वजन केलं, रजिस्टरचा शिक्का हाणला आणि पावती पुढे सरकवली. काका निघाले, आणि पाच मिनिटांत परत आले.

“अगं, पत्ता नीट लिहिलाय का, एकदा बघू दे.”

“नीट आहे.”

“पण जरा बघू तर दे.”

“काका,” चष्म्यावरून बघत ती म्हणाली, “पत्र आता तुमचं राहिलं नाही.”

आपलंच वाक्य असं तोंडावर आलं, तशी काकांनी टोपी चढवली आणि सायकलवर टांग मारली.

पुढचे दिवस त्यांना धड जेवण गेलं नाही. रोज सकाळी आपल्या बीटचा गठ्ठा ते जुगाऱ्यासारखा पिसायचे. विजेची बिलं, बँकेची पाकिटं, लग्नपत्रिका. दादाचं काही नाही.

आणि वाढदिवसाच्या सकाळी गठ्ठ्यात रजिस्टरचं एक पाकीट निघालं. वर दादाचं टपोरं अक्षर. काकांनी ते उचललं मात्र, आत काहीतरी गोल, गुळगुळीत, जडसर घरंगळत कोपऱ्यात गेलं. पस्तीस वर्षं पाकिटं हाताळलेल्या बोटांना फोडून बघायची गरज नव्हती.

“स्ट्रायकर!” काका एवढ्यांदा ओरडले, की चष्मेवालीच्या हातचा शिक्का भलत्याच कागदावर पडला.

“फोडा की मग लवकर!”

“छे! घर माझं बीटवर शेवटचं. आधीची बेचाळीस घरं झाल्याशिवाय हात लावायचा नाही.” चार वेळा टपालाचे नियम मोडलेल्या माणसाला आज ते पाळायचेच होते.

त्या दिवशी बेचाळीस घरांना टपाल तासभर आधी मिळालं. जिने काका दोन-दोन पायऱ्यांनी चढत होते, आणि पायरीपायरीला पिशवीत टकटक होत होती. मास्तरीणबाईंनी “काका, आज काय विशेष?” विचारलं, तर “नंतर सांगतो!” असं काहीतरी बोलून पसार. शेवटी त्यांनी स्वतःच्याच दाराची बेल वाजवली.

“रजिस्टर आहे. सही लागेल.”

“आणा, करते,” काकू म्हणाल्या.

“तुझी नाही चालायची. ज्याचं नाव आहे त्याचीच.” काकांनी टोपी काढली, स्वतःच सही केली आणि मग पाकीट फोडलं.

आत चार ओळी होत्या. ‘राणी कव्हर झाली नव्हती. तू फुंकर मारलीस. रविवारी पहिल्या बसने येतोय, बोर्ड पुसून ठेव. आणि वाढदिवस आहे ना रे तुझा? आई गेल्यावर लक्षात ठेवणारा मीच उरलोय.’

काकांना हसू आवरेना, आणि डोळेही ऐकेनात. काकूंनी कपाट उघडलं, पाचवी खूण चांगली हातभर लांब ओढली आणि खडू त्यांच्या हातात दिला. “नव्या वर्षाचा पहिला संकल्प काय?”

काकांनी जुनी यादी पुसली आणि मोठ्या उत्साहाने लिहिलं: ‘राणीचा विषय काढायचा नाही.’

मग हातातलं पत्र पुन्हा एकदा वाचलं. पहिल्याच ओळीवर त्यांचं नाक फुगलं.

“झाली होती गं कव्हर.”

“अहो!”

“बरं बरं.” त्यांनी दारावरच्या नव्या संकल्पापुढे बारीक अक्षरात लिहिलं, ‘दादा चहा पिऊन होईपर्यंत,’ आणि बोर्ड काढायला ते कपाटामागे वाकले.